काच, तांबं, रंग आणि फोटो : पंचगंगेच्या घाटाचं थरांचं चित्र

काच, पत्रा, रंग आणि फोटो एकत्र करून केलेल्या बहुतेक कामांत एकच दोष दिसतो. सगळं एकमेकांवर चिकटवलेलं असतं, पण कुठल्याच थराला स्वतःचं असं काम नसतं. मागं फोटो, त्यावर रंगाचे फटकारे, कोपऱ्यात पितळेचं पान. यातलं काहीही काढून घेतलं तरी चित्राचं काही बिघडत नाही. म्हणून साहित्य आणायला बाहेर पडण्याआधी एक कसोटी ठरवून घ्या : पुढच्या थरानं मागच्या थराचं काहीतरी झाकलं पाहिजे, आणि ते झाकल्यामुळंच चित्र उभं राहिलं पाहिजे. ज्या थराकडं झाकायला काही नाही तो वगळा. तीन थर पुरतात. पाच थरांची कामं मी पाहिली आहेत. त्यांत बहुधा दोन थर हौसेचे असतात.

कोल्हापुरात हे नव्यानं शिकवायची खरं तर गरज नाही. आनंदराव आणि बाबुराव पेंटर यांनी संगीत नाटकांचे पडदे रंगवले, पुढं बाबुरावांनी कॅमेरा स्वतः जुळवला आणि चित्रपट काढले. रंग आणि फोटो एकाच हातानं हाताळायची सवय या गावाला शंभर वर्षांपूर्वीची आहे. रंगमंचावर मागचा पडदा, बाजूच्या विंगा आणि मधली मोकळी जागा मिळून जी खोली तयार होते, तीच आपल्याला दोन-सव्वादोन सेंटिमीटरच्या पेटीत आणायची आहे. तिथं मोकळ्या जागेत नट उभा राहतो, इथं सावली.

उदाहरणासाठी विषय घेऊ पंचगंगेचा घाट. मे महिन्यात नदी खाली गेलेली असते, पायऱ्या, दीपमाळा, लहान देवळं सगळं उघडं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये हेच सगळं पाण्याखाली जातं आणि अख्खं गाव राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारत सुटतं : ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. आता थर आपोआप ठरतात. सर्वांत मागं उन्हाळ्यातल्या घाटाचा फोटो. मध्ये पाणी मोजायच्या पट्टीसारखी तांब्याची उभी पट्टी आणि देवळाचा एखादा आकार. सर्वांत पुढं काच, आणि काचेच्या खालच्या भागावर रंगवलेलं पुराचं पाणी. काचेवरच्या पाण्यानं पायऱ्या झाकल्या, पण पुरत्या नाही. तांब्याचा वरचा भाग पाण्याच्या वर राहिला, खालचा बुडाला. तीनपैकी एकही थर काढता येत नाही.

माप १२ बाय १६ इंच धरू. पहिल्याच कामाला यापेक्षा मोठं जाऊ नका. १२ बाय १६ ची ४ एमएमची काच साधारण सव्वा किलो भरते (काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो). फ्रेम, पाठ आणि तांबं धरून सगळं काम तीन किलोच्या आसपास जातं. माप दुप्पट केलं की वजन चौपट होतं आणि भिंत, खिळे, उचलणारे हात सगळ्यांचाच हिशेब बदलतो.

फोटो

घाटाचा फोटो उन्हं तिरपी असताना काढा, म्हणजे प्रत्येक पायरीला स्वतःची सावली मिळते. कॅमेरा स्टँडवर, क्षितिज सरळ. वरचा तिसरा हिस्सा मोकळा ठेवा. नुसतं आभाळ असलं तरी चालेल. महत्त्वाचा भाग खालचा आहे, कारण तोच रंगातून पाहायचा आहे. तिथं बारीक तपशील भरपूर हवा : दगडांच्या फटी, वाळत घातलेले कपडे, पायरीवर ठेवलेली बादली. पाण्याखालून दिसणारी बादली या चित्रात एखाद्या अख्ख्या देवळापेक्षा जास्त काम करते.

प्रिंट मॅट कागदावरच घ्या. चकचकीत कागद आणि त्यापुढं काच म्हणजे ट्यूबलाइट दोनदा दिसणार. प्रिंट नेहमीपेक्षा थोडी फिकी काढायला सांगा, कारण काच आणि रंग मिळून ती गडद करणार आहेत. इंकजेट प्रिंट असेल तर पिगमेंट शाईची आहे का ते विचारून घ्या. साध्या डाय शाईचे रंग उजेडात लवकर उडतात.

प्रिंट चिकटवायला एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, घेऊ नका. कोल्हापूरच्या पावसाळ्यात ते दमट हवेनं फुगतं आणि फोटोला पोट येतं. दुकानांच्या पाट्या करणारे वापरतात ती ३ एमएमची एसीपी शीट घ्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लॅस्टिक असलेली. त्यांच्याकडं तुकडे पडलेले असतात, आणि हवामान काहीही असो, ती सपाट राहते.

चिकटवल्यावर फोटोवर थोडासा रंग चढवायला हरकत नाही. जुन्या स्टुडिओंत काळ्या-पांढऱ्या फोटोंचे गाल आणि पातळांचे काठ हातानं रंगवायचे, तेवढाच. एखाद्या दीपमाळेवर ऊन, एखाद्या कपड्यावर लाल. इथं हात आवरा. रंगाचं खरं काम काचेवर व्हायचं आहे.

तांबं, आणि त्यावर दुसरा फोटो

पत्र्याच्या कामासाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरासारखी जागा नाही. तांब्याचा २४ गेजचा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा तुकडा मागा. हा हाताच्या कातरीनं कापता येतो आणि उभा केला तर वाकत नाही. मोडीतली घागर मिळाली तर तीही चालते, पण कल्हई नसलेला भाग निवडा आणि तो आधी तापवून, पाण्यात विझवून मऊ करून घ्या, मग लाकडी हातोडीनं सपाट करा. जस्त चढवलेला जीआय पत्रा मात्र कधीही तापवू नका, त्याचा धूर अंगाला बाधतो. नक्षीदार आकार लेझरवर कापून घ्यायचा असेल तर आधी विचारा. तांबं लेझरचा प्रकाश परतवतं, त्यामुळं प्रत्येक लेझरवाला ते काम घेत नाही. बारीक वळणं असतील तर सोनारकामाची करवत वापरणारा कारागीर जास्त साफ कापून देईल. कापल्यावर कडा कानशीनं मारून घ्या. पत्र्याची ताजी कड हात कापते आणि कळतही नाही.

आता या कामातला सर्वांत मजेचा टप्पा. तांब्याच्या पट्टीवर आकडे आणि पाण्याच्या लाटांचा फोटो कोरायचा, तोही हत्याराशिवाय. लेझर प्रिंटरची टोनर ही खरं तर प्लॅस्टिकची पूड असते. ती इस्त्रीनं तांब्यावर उतरते आणि जिथं बसते तिथं फेरिक क्लोराइडला, म्हणजे तांबं खाणाऱ्या रसायनाला, तांबं खाऊ देत नाही.

आधी फोटो तयार करा. टोनर एक तर असते किंवा नसते, तिला मधल्या छटा येत नाहीत. म्हणून लाटांचा फोटो संगणकावर ठिपक्यांत मोडून घ्या, आणि ठिपके नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढे मोठे ठेवा. बारीक ठिपके इस्त्रीखाली एकमेकांत मिसळतात. मग फोटो दोनदा फिरवायचा. एकदा आरशासारखा उलटा, कारण कागद पालथा पडणार आहे. आणि एकदा निगेटिव्ह, कारण टोनरखालचं तांबं शाबूत राहून चमकणार आणि उघडं तांबं खोल जाऊन काळवंडणार. निगेटिव्ह केलं नाही तर सावल्या चमकतील आणि उजेड काळा पडेल. ३९ आणि ४३ हे आकडेही याच फाइलमध्ये टाका. प्रिंट चकचकीत कागदावर, लेझर प्रिंटरवर, जास्तीत जास्त गडद. इंकजेटची प्रिंट इथं कामाची नाही.

तांबं चिंच आणि मिठानं घासा, देवाची भांडी घासतो तसंच. मग बारीक पॉलिश पेपर एकाच दिशेनं फिरवा आणि धुवा. पाणी पत्र्यावर थेंब थेंब न होता एकसंध पसरलं तर पत्रा स्वच्छ आहे. कुठं पाणी फाटून मागं सरकलं तर तिथं बोटाचं तेल आहे, पुन्हा घासा. या चाचणीशिवाय पुढं जाऊ नका, टोनर सुटण्याचं कारण दहांतल्या नऊ वेळा तेवढंच असतं.

कोरड्या पत्र्यावर कागद पालथा ठेवा, वर साधा कागद, आणि वाफ बंद ठेवून पूर्ण तापलेली इस्त्री तीन-चार मिनिटं दाबून फिरवा. कडांवर जास्त दाब द्या. पत्रा गार झाला की पाण्यात दहा मिनिटं भिजवा आणि कागद बोटाच्या पेरानं हळूहळू चोळून काढा. ओढून काढला तर टोनर त्याच्याबरोबर येते. कुठं ठिपके निसटले असतील तर परमनंट मार्करनं भरा. पाठीला आणि कडांना पॅकिंगची टेप लावा.

फेरिक क्लोराइड इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. तयार द्रावण मिळालं तर तेच घ्या. पूड पाण्यात टाकताना ती चांगलीच तापते. हातमोजे, चष्मा, जुने कपडे, आणि काम गच्चीवर किंवा अंगणात. भांडं प्लॅस्टिकचं किंवा काचेचं हवं. ॲल्युमिनियमचं पातेलं चुकूनही नको, फेरिक त्याच्याशी इतक्या जोरात लढतं की द्रावण उकळायला लागतं. फरशीवर पडलेला पिवळट तपकिरी डाग जात नाही, म्हणून खाली जुनं प्लॅस्टिक अंथरा. पत्रा चित्राची बाजू खाली करून द्रावणात टांगा, म्हणजे सुटलेला गाळ खाली पडतो आणि कोरीव भाग स्वच्छ राहतो. भांडं कोमट पाण्याच्या घमेल्यात ठेवलं तर काम लवकर होतं. साधारण अर्ध्या तासानंतर बाहेर काढून धुवा आणि नखानं चाचपा. नख कडेला अडखळलं की पुरे.

वापरलेलं द्रावण गटारात ओतू नका. त्यात तांबं उतरलेलं असतं, ते माशांना मारतं, आणि जयंती नाल्यात गेलेलं सगळं शेवटी पंचगंगेतच जातं. ते डब्यात भरून ठेवा, पुढच्या कामांना चालतं. पुरतं दमलं की धुण्याचा सोडा थोडा थोडा घालून शमवा, गाळ बसू द्या, आणि सांडपाण्याची सोय असलेल्या एखाद्या प्लेटिंगवाल्याकडं द्या.

टोनर थिनरनं पुसली की कोरीव काम दिसतं. आता हिरवा रंग. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं तेव्हा जो हिरवा कळंक येतो, तोच आपल्याला मुद्दाम आणायचा आहे. लाकडाच्या वखारीतला मूठभर भुसा घ्या, तो व्हिनेगर आणि मिठात नुसता ओलसर करा, पत्र्याच्या खालच्या भागावर पसरा आणि सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दोन दिवस ठेवा. भुशाचा कण जिथं टेकला तिथं ठिपका उमटतो, त्यामुळं रंग सरसकट न येता शेवाळासारखा येतो, जे ब्रशनं कधीच साधत नाही. पुरात राहणारा भाग हिरवा, वरचा कोरडा भाग तांबूस. पूर्ण वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून वरवर फिरवा. उंच भाग उजळतो, खोलातला रंग राहतो. लगेच पारदर्शक लॅकरचे दोन पातळ हात द्या, नाहीतर तांबं बदलतच राहतं.

काच

आधी एक हिशेब. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग अंगावर पडलेल्या उजेडातला साधारण ४ टक्के परतवतो. एका काचेला दोन पृष्ठभाग, म्हणजे ८ टक्के. तीन काचा एकामागं एक ठेवल्या तर पाचव्या हिश्शाहून जास्त उजेड परत जातो, आणि पाहणाऱ्याला घाटाऐवजी स्वतःचा चेहरा दिसतो. शिवाय साध्या काचेला हिरवट झाक असते, ती प्रत्येक काचेबरोबर वाढते. म्हणून काच एकच, आणि तीही सर्वांत पुढं.

४ एमएमची साधी काच घ्या आणि कडा दुकानातच घासून घ्या. टफन (तापवून कणखर केलेली) काच हवी असेल तर मापं आधी पक्की करा, टफन झाल्यावर ती कापता येत नाही. काच साबणानं धुऊन वर स्पिरिट फिरवा आणि त्यानंतर कडांनीच धरा.

रंग काचेच्या आतल्या बाजूला द्यायचा, त्यामुळं सगळं उलटं होतं. डावं उजवीकडं जातं, आणि जे सर्वांत पुढं दिसायला हवं ते सर्वांत आधी रंगवावं लागतं. कागदावर पाण्याचं चित्र रेषांत काढून घ्या, कागद पालथा करा, त्यावर काच ठेवा. पहिल्यांदा फेस, लाटांच्या कडांची पांढरी किनार, वाहत आलेलं केंदाळ. ते वाळलं की त्यावर मधली छटा. शेवटी पुराच्या पाण्याचा मूळ रंग, गढूळ तांबूस. नेहमीच्या चित्रात शेवटी ठेवायचा पांढरा ठिपका इथं पहिल्याच दिवशी नक्की करावा लागतो, आणि नंतर त्याला हात लावता येत नाही. मनात चित्र तयार नसलेल्या माणसाला काच फार दमवते.

ॲक्रिलिक रंग काचेवर नीट बसत नाहीत, दमट हवेत नखानं साल निघते. पाण्याच्या पारदर्शक भागासाठी थिनरमध्ये पातळ होणारे ग्लास कलर, फेस आणि केंदाळासाठी साधा ऑइल इनॅमल. ग्लास कलरच्या संचात काळी आउटलाइनची ट्यूब येते. ती बाजूला ठेवा. तिच्यामुळंच संक्रांतीच्या वाणाला दिलेल्या दिव्यांवरचे मोर तयार होतात. पाण्याला काळी रेघ नसते.

पाणी एकसारखं रंगवू नका. वरच्या कडेला पातळ, खाली दाट, आणि जिथं फोटोतली बादली किंवा पायरीचा कोपरा आहे तिथं जवळजवळ काहीच नको. रंग पूर्ण वाळल्यावर सुई किंवा ब्लेडच्या टोकानं आडव्या बारीक रेघा खरवडा. प्रत्येक रेघेतून मागचा घाट उजळून दिसतो, आणि तुम्ही एक पाऊल बाजूला सरकलात की त्या रेघांतून वेगळी पायरी दिसते. पाणी हललं असं वाटतं ते यामुळं.

जुळवणी

काहीही चिकटवण्याआधी सगळं टेबलावर रचून पाहा. फोटोवर चार कोपऱ्यांत रुपयाची नाणी एकावर एक ठेवा, त्यावर तांबं, पुन्हा नाणी, वर काच. खोली अंधारी करून एकच दिवा वरून तिरका धरा. नाणी कमी-जास्त करत बसा. तांबं फोटोच्या फार जवळ असलं तर सावली आकाराला चिकटते आणि तो छापल्यासारखा दिसतो; फार लांब गेलं तर सावली विरघळते. या मापाला दोन्हीकडं ६ एमएमच्या आसपास जमून येतं, पण तुमच्या भिंतीवरचा दिवा काय सांगतो ते ऐका.

अंतर ठरलं की तेवढ्या जाडीचे ॲक्रिलिकचे लहान तुकडे तांब्याच्या मागं, दिसणार नाहीत असे, सिलिकॉननं लावा आणि तुकड्यांसकट तांबं फोटोवर बसवा. सिलिकॉन घेताना न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं नेहमीचं सिलिकॉन ॲसिड सोडतं, आणि बंद पेटीत ते महिनाभरात तांब्यावर नको तिथं हिरवं उमटवतं. कडक इपॉक्सी टाळा. ते पिवळं पडतं, शिवाय तांबं, ॲल्युमिनियम आणि काच उन्हानं वेगवेगळ्या प्रमाणात वाढतात. फरक मिलिमीटरच्या दशांशातलाच असतो, पण लवचीक नसलेला जोड सुटायला तेवढा पुरतो. तांब्याची कड एसीपीच्या उघड्या ॲल्युमिनियमला टेकू देऊ नका, ओल्या हवेत दोन धातूंची गाठ पडली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

फ्रेमवाल्याला बॉक्स फ्रेम सांगा. आतली खोली दोन-सव्वादोन सेंटिमीटर, आणि काचेच्या चारी बाजूंना २ एमएमची सैल जागा. काच आधी, मग कडेनं काळ्या रंगाच्या लाकडी पट्ट्या, मग तांबं आणि फोटोसह पाठ. काच आणि फोटो एकमेकांना कुठंही टेकता कामा नयेत. टेकले तर पावसाळ्यात फोटोचा थर काचेला चिकटतो आणि सोडवताना फाटतो.

बंद करायचं काम फेब्रुवारी ते मे या कोरड्या दिवसांत करा. जुलैत पेटी बंद केली तर जुलैची हवा आत कोंडली जाते आणि पहिल्या थंडीत काचेला आतून दव येतं. पाठीला कागदी टेप लावा, आत एका कोपऱ्यात सिलिका जेलची पुडी ठेवा.

टांगायला पाठीवर दोन डी-रिंग (टांगायच्या कड्या), वरून एक तृतीयांश अंतरावर, आणि भिंतीत दोन स्क्रू. जुन्या पेठांतल्या मातीच्या भिंतीत नुसता खिळा मारू नका. दगड किंवा लाकूड लागेल अशी जागा शोधा, नाहीतर आडवी लाकडी पट्टी ठोकून तिच्यावर टांगा. समोर खिडकी नको, दिवा वरून आणि एका बाजूनं. काच पुसताना पाणी फडक्यावर मारा, काचेवर नाही. ओघळ फ्रेमच्या खाचेतून थेट आतल्या रंगापर्यंत जातो. आणि पावसाळा संपला की पाठीची टेप उघडून जेलची पुडी बदला.